झोडे गुरुजींनी दिलेलं आडनाव

निवृत्त मास्तराच्या दारात जुना विद्यार्थी आला की त्याला जो आनंद होतो, तो पेन्शन वाढल्यावरही होत नाही. चिमूरचे नथ्थू झोडे गुरुजी तर असा विद्यार्थी आला की त्याला तासभर सोडत नसत. आधी चहा, मग पोहे, मग भिंतीवरचं आदर्श शिक्षक पुरस्काराचं मानपत्र, आणि शेवटी त्या विद्यार्थ्याच्याच लहानपणच्या गोष्टी, ज्या त्याला स्वतःला कधीच आठवत नसत.

त्यामुळे ऑगस्टातल्या त्या सकाळी पन्नाशीकडे झुकलेल्या एका माणसानं पायांना हात लावून "गुरुजी, मी पत्रू. कोहकाटोल्याचा," असं म्हटलं, तेव्हा गुरुजींनी त्याला खांदे धरून उभा केला आणि आत आवाज दिला, "अवो, चहा ठेवा! सतराचा पाढा उलटा म्हणणारा पत्रू आला!"

पत्रूच्या मागे त्याची मुलगी उभी होती. निशा नाव. छातीशी फाइल धरून होती आणि मानपत्राकडं तिनं पाहिलंही नाही.

"काय करतोस आता?" गुरुजींनी विचारलं. मनातल्या मनात त्यांनी पत्रूला केव्हाच तहसीलदार करून टाकलं होतं.

"ट्रक चालवतो जी. चंद्रपुरात राह्यतो."

गुरुजी जरा थबकले. मग म्हणाले, "चांगलं आहे. कोणतंही काम छोटं नसते." अशी वाक्यं मास्तरांच्या तोंडात तयारच असतात.

काम निशाचं होतं. तिचा नागपूरला जनावरांच्या डॉक्टरीला नंबर लागला होता, आदिवासींच्या राखीव जागेवर. जातीचा दाखला आजोबांच्या जमिनीच्या कागदावर मिळाला होता, पण पडताळणी समितीनं शंका काढली होती आणि उत्तर द्यायला पंधरा दिवस दिले होते. त्यातले सहा गेले होते. तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर जागा जाणार. तिनं फाइल उघडून कागद सतरंजीवर मांडले. पोरीनं कष्ट घेतले होते. पणज्यापासूनची वंशावळ तिनं एका वहीत काढली होती आणि प्रत्येक नावाखाली, कोणत्या कागदावर ते कसं लिहिलंय, हे लिहिलं होतं. स्वातंत्र्याच्या आधीच्या कोतवालाच्या नोंदीत पणजा दुलसा 'मडवी' होता. जमिनीच्या कागदावर आजा लखमा 'माडावी' होता. मोठा काका पोचू मतदार यादीत 'मरावी' आणि त्याची बायको रेशनकार्डात 'मडावि'.

"ज्यानं त्यानं कानाले आलं तसं लिवलं," निशा म्हणाली. "त्याचं काई नाई गुरुजी. शपथपत्र देलं का समिती ते मानते. साऱ्यायले समजते का हे एकच मडावी आहे. पण बाबाचं पाहा." तिनं शाळा सोडल्याचा दाखला पुढे ठेवला. पत्रू लखमा मांडवकर. जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. "हे मडावीच्या जवळपासबी नाई. समिती म्हणते, हा मांडवकर त्या लखमाचा पोरगा कायवरून? बाबाले याच्यापायीच धानोऱ्याच्या आदिवासी वसतिगृहात घेतलं नाई. 'तू कायचा आदिवासी?' म्हणे. दुसऱ्या गावाले पायी जाऊन सातवी केली आन् शाळा सुटली. तवा शाळेत तुमीच होते. आडनाव कोणं सांगतलं, काई आठवते का?"

गुरुजींना आठवत होतं. इतकं स्वच्छ आठवत होतं, की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी पत्रूकडं पाहिलं. पत्रू सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होता.

"पालकानं सांगतलं तेच आमी लिवत होतो," गुरुजी म्हणाले. "दुसरं काय लिवणार?"

"होय," पत्रू मान वर न करता म्हणाला. "गुरुजी म्हणतेत तसंच असन."

आता खरं काय होतं ते सांगून टाकलेलं बरं, कारण गुरुजी काही इतक्यात सांगणार नाहीत.

त्र्याऐंशी साली गुरुजी पंचवीस वर्षांचे होते आणि धानोरा तालुक्यातल्या कोहकाटोल्याच्या एकखोली शाळेत जग सुधारायला निघाले होते. डी.एड.ला असताना 'नथ्थू' म्हणून मुलं त्यांना चिडवायची. ते त्यांच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून त्यांची समजूत झाली, की माणसाचं अर्धं नशीब नावात असतं. मोठ्या भावासोबत शाळेत येऊन कोपऱ्यात बसणारा पत्रू नाव दाखल व्हायच्या आधीच पाढे म्हणायचा. हे पोर मोठ्या शाळेत जाईल, तिथं जंगलातलं आडनाव ऐकून मुलं हसतील, असं गुरुजींच्या मनानं घेतलं. डी.एड.ला त्यांच्या खोलीत मांडवकर नावाचा पहिल्या नंबरचा मुलगा होता. ते आडनाव त्यांना इस्त्रीच्या सदऱ्यासारखं वाटायचं. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं आणि कुणाला न विचारता, आपल्या सुंदर अक्षरात, पत्रूला ते चढवलं. जातसुद्धा लिहिली नाही. जात कशाला पाहिजे, म्हणाले. सुधारणा करायला दुसऱ्याचंच घर बरं असतं.

आणि हे त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. पुरस्काराच्या दिवशी भाषणात त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या, "एका वनवासी बालकाला मी नवी ओळख दिली." त्या ओळखीनं त्या बालकाचं वसतिगृह गेलं, शाळा गेली, हे त्यांना आज कळलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

बापलेक एसटीसाठी निघून गेल्यावर गुरुजींच्या बायकोनं, इंदुताईंनी, कपबशा उचलता उचलता विचारलं, "भाषणातला तो पोरगा, तो हाच ना?"

"हळू बोल."

"कोण ऐकून राह्यलं? सांगून द्याचं होतं ना मंग."

"साऱ्या जिल्ह्यात छी-थू होईन माही. या वयात?"

"पोट्टीची जागा चालली अन् तुमाले तुमच्या छी-थूची पडली," इंदुताई म्हणाल्या आणि मोरीकडं गेल्या.

गुरुजींना लाज वाटत होती, यात शंका नको. पण लाजेचे दोन प्रकार असतात. एक माणसाला कबूल करायला लावते, दुसरी लपायला. गुरुजींची अजून दुसऱ्या प्रकारची होती. त्यांनी विचार केला, पोचूनं, म्हणजे पत्रूच्या सख्ख्या भावानं, वंशावळीवर सही केली आणि 'हा माझा भाऊ' असं शपथपत्र दिलं, तर समिती आडनावाच्या मुळाशी कशाला जाईल? साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. त्यांनी निशाला फोन लावला. "मी येतो तुमच्यासंग कोहकाटोल्याले. गावात अजून मान आहे माहा."

निशानं फोनवर तीनदा "थँक्यू गुरुजी" म्हटलं. तिसऱ्या खेपेला त्यांना ते ऐकवेना.

धानोऱ्याला उतरून त्यांनी पुढं एक जीप केली. धानाची रोवणी आटोपली होती आणि बांध्यांत पाणी साचून होतं. पत्रू पुढं ड्रायव्हरजवळ बसला. निशा गुरुजींना आपल्या अभ्यासाचं सांगत होती. शेळ्यांच्या रोगांवर तिला काम करायचं होतं, कारण पावसाळ्यात गावच्या निम्म्या शेळ्या मरतात आणि औषधाची माणसं येईस्तोवर कातडी सोलून झालेली असते. गुरुजी "शाब्बास" म्हणत राहिले.

शाळा आता तीन खोल्यांची झाली होती. नूतन मॅडम म्हणून तरुण मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी लोखंडी कपाटातून जुनं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि पानं उलटता उलटता म्हणाल्या, "किती सुंदर अक्षर आहे हो गुरुजी तुमचं! मी माझ्या पोरांना दाखवत असते."

पोचू लखमा मडावी, आधीच्या मास्तरांच्या गिचमिड अक्षरात. चार पानांनंतर पत्रू लखमा मांडवकर, सुंदर अक्षरात. निशानं दोन्ही पानांचे फोटो काढले. मग कपाळाला आठी घालून तिनं विचारलं, "एका बापाचे दोन पोरं अन् दोन आडनावं. तवा तुमाले काई वाटलं नाई, गुरुजी?"

"त्या टायमाले एवढं कोण पाह्यत होतं," गुरुजी म्हणाले. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो तो असा. दुसरं बोलायला पहिल्याइतका त्रास झाला नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

पोचूचं घर गावाच्या टोकाला होतं. त्यानं आता पन्नाशी ओलांडली होती, पाठीत किंचित वाकला होता. गुरुजींना पाहून त्यानं दोन्ही हातांनी जोहार केला, बाज टाकली, बायकोला, सुकरीला, पाणी आणायला सांगितलं. पाणी गुरुजींना दिलं, निशाला दिलं. पत्रू अंगणाच्या बाहेर चपला न काढता उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि तो आलाही नाही. गुरुजींनी हे पाहिलं आणि त्यांना काही उमजेना.

निशानं वंशावळ पुढे केली. पोचूनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"सही नाई करत."

"काऊन मोठे बाबा?" निशा म्हणाली. "बाबा तुमचे भाऊ नोहोत का?"

"होता." पोचू गुरुजींकडं वळला. "तुमाले म्हणून सांगतो गुरुजी. आमच्यात आडनाव हे कागदाचं काम नाई. आमी सात देवाचे. मडावी म्हटलं का समोरचा समजते, हा सात देवाचा, हा कोणाचा भाऊ लागते, कोणाच्या घरी याची सोयरीक होते, मेल्यावर याच्या नावाचा दगड कुठी उभा होते. ज्यानं आडनाव टाकलं, त्यानं देव टाकला. हा चंद्रपूरले गेला अन् मांडवकर झाला. शहरात लाज वाटली याले आमची. लायसन पाह्यलं मी याचं, तवा समजलं."

"बाबा तसे नाई."

"बाई, तुहा आजा मेला तवा तू जन्मली नव्हतीस. त्याचा दगड उभा केला तवा याले हात नाई लावू देला. पंचायनं ठरवलं होतं. हा तिकडं नाल्यापाशी उभा होता दिवसभर."

गुरुजींनी नकळत नाल्याच्या दिशेनं पाहिलं. त्यांना वाटलं होतं, आपण एका पोराचं वसतिगृह घालवलं. हे तर त्याहून फार होतं. त्याला बापाच्या दगडाला हात लावता आला नव्हता, बावीस-तेवीस वर्षं तो भावाच्या अंगणात आला नव्हता, आणि याच्या मुळाशी त्यांच्या शाईच्या पेनची एक ओळ होती. आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते असं, "पोचूभाऊ, जाऊ द्या, झालं गेलं. पोरीसाठी सही करा."

"मी एकटा नाई करू शकत. पंच बसतीन तर पाहू. आज बाजार नाई, सारे गावातच आहेत."

दुपार कलताना मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, सगळे जमिनीवर. गुरुजींसाठी मात्र ग्रामपंचायतीतून प्लास्टिकची खुर्ची आणली होती, आणि ते नको नको म्हणत असताना त्यांना तिच्यात बसवलं. मध्ये चैतू भूम्या बसला होता. भूम्या म्हणजे गावदेवाचा पुजारी, देवाधर्माच्या भांडणात त्याचाच शब्द शेवटचा. तोही गुरुजींना आठवला. रात्रशाळेत त्यांनी त्याला सही करायला शिकवली होती.

पोचूनं आपली बाजू मांडली. मग निशा उभी राहिली. पोरगी घाबरली होती, पण बोलली नीट.

"तुमी म्हणता बाबानं शहरात जाऊन आडनाव बदलवलं. तसं नाई. हे पाहा, शाळेचं रजिस्टर. पह्यल्या वर्गापासून मांडवकर आहे. सहा वर्साचं लेकरू काय बदलवणार? गुरुजी म्हणतेत, पालकानं सांगतलं तेच लिवलं. म्हणजे आज्यानंच सांगतलं असन. मंग बाबाचा काय दोष?"

सभेत एकदम गलका उठला. पोचू ताडकन उभा राहिला. वाकलेली पाठ सरळ झाली होती.

"माह्या बानं? माह्या बानं मडावी टाकलं? ज्यानं हयातभर मडाव्यायच्या देवाचं पात्र डोक्यावर वाह्यलं, त्यानं?" तो खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. "गुरुजी, तुमीच सांगा आता. माहा बा आला होता तुमच्यापाशी? त्यानं सांगतलं मांडवकर लिवा म्हणून?"

बोललेलं खोटं कुठं जाऊन पडेल याचा नेम नसतो. ते आता मेलेल्या लखमावर जाऊन पडलं होतं. लखमा गुरुजींना चांगला आठवत होता. पहिल्या पावसाळ्यात गुरुजी तापानं फणफणले तेव्हा त्यांना खाटेवर घालून धानोऱ्याला पोचवणाऱ्या चौघांत तो होता. गुरुजींनी तोंड उघडलं.

"बानं नाई सांगतलं."

हा आवाज पत्रूचा होता. तो लोकांच्या मागे, अगदी कडेला उभा होता. "बाले काई माहीत नव्हतं दादा. मीच म्हटलं होतं गुरुजीले. मीच सांगतलं, मांडवकर लिवा."

दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, "सहा वर्साचा होतास लेका!"

"तरी मीच सांगतलं," पत्रू म्हणाला. "माही चूक आहे. बाले काई म्हणू नका, गुरुजीलेबी काई विचारू नका."

आणि तेव्हा गुरुजींना ते आठवलं, जे ते खरोखरच विसरले होते. चौथीचा निकाल लागला त्या दिवशीची गोष्ट. दहा वर्षांचा पत्रू दाखला हातात घेऊन टेबलाजवळ आला होता. त्यानं तो अक्षर न अक्षर वाचला होता, कारण गुरुजींनीच त्याला सगळं वाचायला शिकवलं होतं. "गुरुजी, हे कोणाचं आडनाव आहे?" आणि गुरुजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुह्या भल्यासाठी आहे. घरी सांगू नको, बाप नाराज होईन. कोणालेच सांगू नको. माही आण आहे तुले."

पोरानं ती आण पाळली होती. वसतिगृहाच्या दारातून परत पाठवलं तेव्हा पाळली, भावानं अंगण बंद केलं तेव्हा पाळली, बापाचा दगड लांबून पाहताना पाळली. चिमूरला सतरंजीची दशी गुंडाळतानाही तो तेच करत होता. आणि आता सगळ्या गावासमोर स्वतःचं हसं करून घेऊन, गुरुजींना खोटं बोलायला नको म्हणून, तोच खोटं बोलत होता.

गुरुजी उठले. उठताना खुर्ची मागे कलंडली, ती कुणीतरी सरळ केली.

"लखमाभाऊ आले नव्हते," ते म्हणाले. मग मागच्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाले. "लखमाभाऊ आले नव्हते. पत्रूनंबी सांगतलं नाई. मी लिवलं. माह्याच मनानं लिवलं, कोणाले विचारलं नाई. मले वाटलं, तुमचं आडनाव हलकं आहे. लोकं हासतीन. चांगलं आडनाव देलं म्हणून मीच मिरवत राह्यलो. याले सांगतलं, कोणाले सांगू नको. परवा निशानं घरी येऊन विचारलं, तवाबी खोटं बोललो. आज शाळेत खोटं बोललो. आत्ता पोचूभाऊनं विचारलं, तवाबी माह्या तोंडातून आधी काय निघालं असतं, ते मले सांगता येत नाई."

'हलकं' हा शब्द त्या सगळ्यांच्या मध्ये पडून होता, आणि तो परत उचलता येत नव्हता. गुरुजींना वाटलं, कुणीतरी ओरडावं. कुणीतरी शिवी द्यावी. निशा त्यांच्याकडं पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं, पण ती नुसतीच पाहत होती, जसं एखादं मूल पहिल्यांदाच मोठ्या माणसाला रडताना पाहतं.

पोचू भावाकडं गेला. "तुले माहीत होतं?"

"होय."

"एवढे वर्स? मंग सांगतलं काऊन नाई?"

पत्रूनं थोडा विचार केला. त्याला प्रश्नच नीट कळला नसावा असं वाटलं. मग म्हणाला, "गुरुजीनं सांगू नको म्हटलं होतं."

पोचूनं कपाळावर हात मारून घेतला आणि तो मटकन खाली बसला. सुकरी पदर तोंडाला लावून रडू लागली. पत्रू तिथंच उभा होता, आपलं काही चुकलं का, असा चेहरा करून.

मग कामं भराभर झाली. निशानं जवाब लिहून काढला, गुरुजींनी त्यात एक शब्द बदलायला सांगितला. तिनं 'अनवधानाने' लिहिलं होतं. "अनवधानानं नाई," ते म्हणाले. "मुद्दाम लिव." तिनं ते खोडून मुद्दाम लिहिलं आणि त्यांनी सही केली. हा कागद समितीपुढे जाणार होता, तिथून तो कुठं कुठं जाईल, कोण कोण वाचेल, हे त्यांना ठाऊक होतं. पोचूनं वंशावळीवर सही केली. मग चैतू भूम्यानं हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"पत्रूचा दोष नाई, हे साऱ्यायनं ऐकलं," तो म्हणाला. "पण देव त सुटलाच होता, एवढे वर्स. त्याले दंड द्या लागन. एक कोंबडा, एक पायली तांदूळ, अन् मोहाची दारू. आजच. देवाच्या ठाण्यापाशी रांधायचं, अन् पोचूच्या बाजूले बसून जेवायचं. उद्या सकाळी बाच्या दगडाले हात लावायचा. झालं."

पत्रूनं दोन्ही हात जोडले. त्याचा चेहरा असा फुलला होता, की दंड झाला की बक्षीस मिळालं, हे परक्याला कळलं नसतं.

गुरुजी पुन्हा उभे राहिले. "चैतूभाऊ, दंड त्याले काऊन? माह्यावर लावा. मी देतो. कोंबडा नाई, बकरा देतो. तुमी म्हणान ते देतो. चूक माही आहे, दंड मीच भरतो."

भूम्यानं मान हलवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रात्रशाळेत पाटी पुढे करताना तो जसा अदबीनं बोलायचा, तसाच आताही बोलला.

"नाई गुरुजी. दंड आपल्या माणसाले राह्यते. दंड भरला का तो वापस आपल्यात येऊन बसते, त्याच्यासाठी असते तो. तुमच्यापासून दंड घेतला तर तुमाले वापस कुठी घेऊ? तुमी आमच्यात कवा होते?" आणि मग, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, त्यानं जोडलं, "तुमी पाहुणे आहा. बसा. जेवून जा."

अंधार पडायच्या आत जेवण तयार झालं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या, माणसं जमिनीवर ओळीनं बसली, आणि पोचूनं आपल्या शेजारची जागा हातानं झाडून पत्रूला ओढून बसवलं. निशा बायकांच्या ओळीत बसली. सुकरीनं तिला दोनदा भात वाढला. गुरुजींसाठी शाळेतून स्टीलचं ताट आणलं होतं, त्यांना सगळ्यांच्या आधी वाढलं होतं, आणि रश्श्यातले चांगले तुकडे त्यांच्याच ताटात होते.

गुरुजींनी ताट उचललं आणि ते ओळीच्या शेवटी जाऊन, एका म्हाताऱ्याशेजारी, जमिनीवर बसले. म्हातारा गडबडीनं सरकला. सुकरी हातातली पळी तशीच घेऊन धावत आली.

"असं काऊन गुरुजी? खाली नका बसू जी, कपडे भरतीन तुमचे. ती खुर्ची आणली ना तुमच्यासाठी."

सगळे त्यांच्याकडं पाहत होते. ते खुर्चीत बसेपर्यंत कुणी घास उचलणार नव्हतं. गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जाऊन खुर्चीत बसले.